थंडीतला घरचा अभ्यास : आधी ऊन, मग वही

ताई, तुमच्या प्रश्नातलं चित्र मला ओळखीचं आहे. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा, पुण्यात तिसऱ्या मजल्यावर घर. जूनपासून मुलांना घरीच शिकवायला लागलात आणि दिवाळीपर्यंत छान चाललं होतं. आता मुलं अंथरुणातून निघत नाहीत. साडेसातला मांडलेल्या वह्या नऊपर्यंत तशाच पडून राहतात, मग रागावणं, रडारड, आणि दिवस हातातून गेल्याची चुटपुट. सासूबाई म्हणतात, "शाळेत घाला, आपोआप वळण लागेल." तुम्ही परदेशातल्या आयांचे व्हिडिओ पाहिलेत, त्यांतली शेगडी, लोकरीची पांघरुणं, वाफाळते कप, आणि विचारलंत की असा उबदार दिनक्रम आपल्या घरात कसा बसवायचा.

नाशिकला मुलांना घरी शिकवण्यात माझे अकरा हिवाळे गेले. मोठी आता सतरा वर्षांची आहे, धाकटा तेरा. त्या अनुभवावरून लिहिते.

मला यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. पहिली घड्याळाची. पुण्यात जूनमध्ये सूर्य सहाच्या आतच उगवतो. जानेवारीच्या मध्याला त्याला सात वाजून दहा मिनिटं होतात. जूनमध्ये साडेसातला वही उघडायची तेव्हा उजाडून दीड तास झालेला असायचा. आता साडेसातला नुकतं कुठे उजाडलेलं असतं, फरशीवर पाय ठेववत नाही. जूनमध्ये आखलेलं वेळापत्रक तुम्ही डिसेंबरात चालवताय. मुलं बिघडलेली नाहीत आणि तुमचंही काही चुकलेलं नाही. शाळेला वेळ बदलणं जड जातं, तिला रिक्षा, बस, शिक्षक सगळं सांभाळायचं असतं. तुम्हाला ते सोपं आहे, आणि घरी शिकवण्यातला हा फायदा तुम्ही अजून घेतलेला नाही.

दुसरी गोष्ट त्या व्हिडिओंची. माझी बहीण टोरोंटोजवळ राहते, तीही मुलांना घरी शिकवते. तिच्याकडे डिसेंबरचा दिवस नऊ तासांचाही भरत नाही, दाराबाहेर बर्फ असतो, म्हणून सगळी ऊब घराच्या आत गोळा करावी लागते. आपल्याकडे पहाटे पारा अकरा-बारावर असला तरी दुपारी अठ्ठावीसच्या पुढे जातो. आपली थंडी सकाळची आणि रात्रीची. आपला घरात बसायचा ऋतू म्हणजे पावसाळा. हिवाळा हा वर्षातला बाहेर पडायचा सगळ्यात चांगला काळ. म्हणून आपल्याकडे ऊब दोन ठिकाणी सापडते: सकाळी कोवळ्या उन्हात, आणि दिवेलागणीनंतर सगळे एका खोलीत आल्यावर. ही दोन टोकं आधी पक्की करायची आणि वह्या-पुस्तकं त्यांच्या मध्ये ठेवायची. मी सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

हे मला कसं कळलं ते सांगते. पहिल्या हिवाळ्यात मोठी सात वर्षांची होती आणि मी तिला पावणेआठला शुद्धलेखनाला बसवायचे. जानेवारीत एकदा तिच्या वह्या चाळत होते. प्रत्येक पानावर तारीख होतीच, काही पानं दुपारी लिहिलेली होती. त्याच आठवड्यातलं दुपारचं अक्षर गोल आणि सरळ, सकाळचं आखडलेलं, खोडाखोडीचं. तिची बोटं गारठलेली असायची आणि मी महिनाभर तिला आळशी म्हणत होते. त्याचं मला अजून वाईट वाटतं. दुसऱ्या दिवसापासून लेखन अकराला नेलं. आठवड्याभरात अक्षर सुधारलं, आणि सकाळची आमची भांडणं थांबली.

आता दिवस कसा लावायचा. मी मिनिटांचा हिशोब देणार नाही, क्रम सांगते. लहान मुलाला "साडेनऊला गणित" हे कळत नाही, "पेला रिकामा झाला की गच्चीवर जायचं" हे बरोबर कळतं. एकामागून एक काय येतं ते ठरलेलं असलं की वेळ अर्धा तास मागेपुढे झाली तरी घडी मोडत नाही.

सकाळची पहिली खुंटी म्हणजे स्वयंपाकघर. थंडीत घरातली सगळ्यात उबदार जागा गॅसजवळची असते, मुलं आपोआप तिथे येतात. तोंड धुऊन, स्वेटर घालून ओट्याजवळ पाट टाकून बसू द्या. हातात काहीतरी गरम द्या. आमच्याकडे आळीपाळीने हळद-दूध, गवती चहा घातलेलं दूध आणि हुलग्याचं माडगं असायचं. हुलगे भाजून दळून ठेवले की माडगं पंधरा मिनिटांत होतं. गूळ आणि सुंठ घातली की मुलं आवडीने पितात. याच वेळी मी पोळ्या लाटता लाटता गोष्ट सांगायचे किंवा मोठी वाचून दाखवायची. तुमची मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला धाकट्यासाठी वाचायला सांगा. मोठ्याने वाचण्याचा तिचा सराव होतो, त्याचं ऐकणं होतं, आणि पोळ्याही होतात. ही वीस-पंचवीस मिनिटं मी कधी अभ्यासातून वजा केली नाहीत.

इथे अंघोळीचा प्रश्न येतो, आणि तुमच्या घरी सासूबाई आहेत म्हणून मुद्दाम लिहिते. पारोशाने पुस्तकाला हात लावू नये असं त्यांना वाटत असेल तर ते मोडून काढायला जाऊ नका. आमच्याकडे माझ्या सासूबाईंशी बोलून असं ठरलं: सकाळी हातपाय-तोंड धुऊन देवाला नमस्कार करायचा, गच्चीवर जाताना अंगाला तीळतेल चोळून घ्यायचं, आणि उन्हातून आल्यावर कढत पाण्याने अंघोळ. वह्या त्यानंतरच. तेल त्यांनी स्वतः लावायला घेतलं. थंडीत फुटणारे गाल आणि पोटऱ्याही त्या तेलाने बऱ्या राहिल्या.

मग ऊन. नऊ ते साडेदहा हा आपल्या हिवाळ्यातला सोन्यासारखा वेळ आहे, तो चार भिंतींत घालवू नका. पुण्यात त्याआधी बाहेर पडायची घाईही करू नका. थंडीत पहाटे गार हवा जमिनीलगत बसते, धूर आणि धूळ तिच्यात अडकून राहते. ऊन तापलं की ती हवा वर उठते. तुमच्या मुलाला सर्दी-खोकल्याचा त्रास असेल तर हे नक्की पाळा.

उन्हात बसून करायची हातकामं हिवाळा स्वतःच आणून देतो. मटार, तुरीच्या शेंगा, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे. सोलणं हे सहा वर्षांच्या बोटांसाठी उत्तम काम आहे. पेन्सिल धरायला जी ताकद लागते ती शेंगा सोलून येते. नऊ वर्षांच्या मुलीला तराजू द्या. किलोभर शेंगांतून दाणे किती निघाले, टरफलं किती, आणि शेंगा चाळीस रुपये किलो तर दाणे काय भावाने पडले? आमच्या वहीत किलोला चारशे ते साडेचारशे ग्रॅम दाणे अशा नोंदी आहेत. मोठीला गुणोत्तर मी पुस्तकातून शिकवलंच नाही, ते सूप आणि तराजूतून आलं.

उन्हातलं दुसरं काम सावलीचं, आणि हे मी प्रत्येक घराला सुचवते. गच्चीवर बरोबर एक मीटरची काठी सरळ उभी करा. दर रविवारी बारा ते एक या वेळात दहा-दहा मिनिटांनी तिच्या सावलीचं टोक खडूने टिपा आणि सगळ्यात छोटी सावली वहीत लिहा. पुण्यात ती बाराला मिळणार नाही, साडेबाराच्या सुमाराला मिळेल, कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं आहे आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला. २२ डिसेंबरला पुण्यात ही सावली साधारण ९० सेंटिमीटर भरते. आमच्या नाशिकला ९५च्या आसपास. नंतर ती आखडत जाते आणि मेच्या मध्यात पुण्यात एक दिवस भरदुपारी काठीला सावलीच उरत नाही.

धाकटा नऊ वर्षांचा असताना या नोंदींवरून माझ्यापाशी आला. "आजी म्हणते संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो, पण सावली तर संक्रांतीच्या आधीच सहा-सात सेंटिमीटरने कमी झालीय." त्यावर आमचे आठ दिवस गेले. दिवस मोठा व्हायला लागतो तो २२ डिसेंबरपासूनच. संक्रांत धरतात ती सूर्य ताऱ्यांच्या संदर्भात मकर राशीत आला की. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा फार सावकाश डुलतो, एका फेरीला सुमारे २६,००० वर्षं लागतात, त्यामुळे पूर्वी जवळजवळ एकत्र येणाऱ्या या दोन गोष्टींत आता तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडलं आहे. त्याने आजीला जाऊन सांगितलं की तू चुकतेस. मग आम्ही सूर्योदयाच्या वेळा काढून बघितल्या. पहाट मात्र खरोखर जानेवारीच्या मध्यानंतरच लवकर व्हायला लागते. डिसेंबरात दिवस वाढतो तो संध्याकाळच्या बाजूने. आजी जन्मभर पहाटे उठणारी, तिने जे पाहिलं ते तिच्या वेळेपुरतं खरं होतं. आपलं मोजमाप आणि आजीचा अनुभव दोन्ही कसे तपासायचे हे त्याला त्या आठवड्यात समजलं. मी कितीही धडे घेतले असते तरी ते इतकं मुरलं नसतं.

साडेदहा-अकराला अंघोळ करून वह्या. आता बोटं मोकळी असतात, पोटात काहीतरी गेलेलं असतं. नऊ वर्षांच्या मुलीला दीड तास पुरतो, सहाच्या मुलाला वीस-पंचवीस मिनिटं. यापेक्षा जास्त लागत असेल तर एकदा तपासून पाहा की तुम्ही शाळेचे सहा तास घरात भरायचा प्रयत्न करताय का. शाळेत चाळीस मुलं असतात. तिथे हजेरी, रांग, शांतता यांत जाणारा वेळ घरी लागत नाही. मी हिवाळ्यात रोज भाषा आणि गणित एवढंच ठेवते. बाकीचे विषय पंधरा-पंधरा दिवस एकेक घेते, त्याचं पुढे सांगते. दुपारी जेवण, थोडं आडवं होणं, आणि चार ते सहा मैदान किंवा सोसायटीतली मुलं. याबद्दल वेगळं काही सांगायला नको. फक्त एक: चार ते सहा अभ्यासाचं नाव काढू नका. सहाच्या सुमाराला अंधारतं, खेळायला तेवढाच वेळ मिळतो.

दिवेलागणीची खुंटी मला सगळ्यात प्रिय आहे. ती आपल्याकडे होतीच, आपण ती सोडून दिली. दिवा लावला की शुभं करोती, आणि त्यानंतर पर्वचा. आमच्या आजोळी पर्वचा म्हणजे पाढे, तिथी, महिने, नक्षत्रं, श्लोक, सगळं एका दमात. आम्ही खालीच बसायचो, सतरंजीवर, पायांवर गोधडी. तुम्ही यात पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे जरूर घ्या. आठाची सव्वापट दहा, सहाची दीडपट नऊ, हे जिच्या कानावर रोज पडलं तिला चौथी-पाचवीत अपूर्णांकांची भीती वाटत नाही. सहाच्या मुलाला यातलं काही पाठ करायला लावू नका, नुसता बसू द्या. महिन्याभरात तो मध्येच सूर धरेल.

पर्वचा सासूबाईंकडे द्या. त्यांची समजूत काढावी म्हणून हे सुचवत नाही. हे पाढे त्यांना येत असतील आणि तुम्हाला बहुधा येत नसतील. मुलं दिवसभर काय करतात ते लांबून पाहणाऱ्या माणसाला काळजी वाटणारच. रोज संध्याकाळी नात समोर बसून दिडकी म्हणते तेव्हा काय चाललंय ते त्यांना स्वतःला दिसतं. आमच्या घरी शाळेचा विषय असाच हळूहळू मागे पडला. त्याला दोन वर्षं लागली, तेवढा धीर धरावा लागेल.

रात्री जेवणं झाली की जानेवारीत साडेआठच्या सुमाराला एकदा गच्चीवर जाऊन या, पाच मिनिटं. पूर्वेला मृग नक्षत्रातले एका ओळीतले तीन तारे सहज सापडतात. ती ओळ खाली वाढवली की व्याध, वर वाढवली की लालसर रोहिणी, आणि तिच्या पुढे कृत्तिकांचा झुबका. पुण्यातल्या उजेडातही हे दिसतं. मग अंथरुणात शिरून एक प्रकरण वाचायचं आणि साडेनऊला दिवा बंद. सकाळ सोपी व्हायची असेल तर रात्रीची ही वेळ पाळावी लागते. मुलं सकाळी उठत नाहीत अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक घरांत झोपायची वेळ अकराची असते.

आता ते पंधरवड्यांचं. हिवाळ्यात विषय मी पंचांगाला आणि बाजारातल्या टोपल्यांना बांधते. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा. चातुर्मासात वांगं न खाणारी घरं त्या दिवशी पुन्हा सुरू करतात. खंडोबा कुठे कुठे आहे म्हणून नकाशा काढला की जेजुरी, पाली, नळदुर्ग, मैलार असं महाराष्ट्रातून थेट कर्नाटकापर्यंत जाता येतं. धुंधुरमासात, म्हणजे संक्रांतीआधीच्या महिन्यात, एक दिवस उजाडताच जेवायचं: मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी. रात्र मोठी म्हणून भूक लवकर लागते, या साध्या कारणापासून पचनावर बोलता येतं. भोगीच्या भाजीत काय काय पडतं आणि ते नेमकं याच दिवसांत का मिळतं, यात रब्बी हंगाम सगळा येतो. घरी काटेरी हलवा करून पाहा. मंद आचेवर तिळावर पाकाचे थेंब टाकत राहायचं, काटा यायला दिवस लागतात, आणि हवा कोरडी नि गार असली तरच तो नीट येतो. परात तापलेली असते, म्हणून धाकट्याला लांब बसवा.

एक पंधरवडा पक्ष्यांना द्या. भिगवण तुमच्यापासून शंभरेक किलोमीटरवर आहे. उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित (फ्लेमिंगो) येतात, डोक्यावर काळे पट्टे असलेले हंसासारखे पट्टकादंब येतात, आणि हा पट्टकादंब हिमालय ओलांडून येतो हे पक्षी समोर असताना सांगितलं की मुलं नकाशा स्वतः मागतात. आम्हाला नांदूरमधमेश्वर जवळ. निफाड तालुक्यातलं हे पाणथळ महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० साली जाहीर झालं. एवढ्या लांब जायला जमलं नाही तर गच्चीवर शेपटी हलवत फिरणारा धोबी बघा. तोही पाहुणाच आहे, मार्च-एप्रिलमध्ये निघून जातो. तो पहिल्यांदा दिसला ती तारीख आणि शेवटची तारीख एवढंच लिहा. आमच्याकडे अशा सात वर्षांच्या तारखा आहेत.

काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही स्पष्ट सांगते. घर उत्तराभिमुख असेल आणि गॅलरीत ऊन येत नसेल तर गच्चीची किल्ली मिळवा, नाहीतर सोसायटीतला उन्हाचा एक कोपरा ठरवून टाका. ऊन नाही म्हणून हा तुकडा गाळू नका. नवऱ्याच्या मीटिंग घरूनच असतात असं तुम्ही लिहिलंय. मग त्यांचा सकाळचा गोंगाट नको असलेला वेळ आणि तुमचा गच्चीचा वेळ एकच करून टाका. आई-वडील दोघंही दिवसभर नोकरीवर असतील तर दोनच खुंट्या धरा, सकाळचा पेला आणि संध्याकाळची पर्वचा. वह्या संध्याकाळी सहाच्या आधी ज्या कोणाबरोबर होतील तिथे होऊ द्या. कोकणात, गोव्यात, मुंबईत थंडी इतकी नसते, तिथे साडेआठलाच बाहेर पडता येईल. नागपूर-गोंदियाकडे गारठा जास्त पण सूर्य थोडा आधी उगवतो. आणि मूल आजारी असेल तेव्हा क्रम तोच ठेवून सगळं निम्मं करा: पेला, गोष्ट, खिडकीतलं ऊन, दिवा. आजारपणात क्रम सुटला की तो परत बसवायला आजारापेक्षा जास्त दिवस जातात.

मुलगी मागे पडेल ही तुमची धास्ती मला समजते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी द्यायला किमान चौदा वर्षं पूर्ण लागतात. तुमच्या मुलीला अजून पाच वर्षं आहेत. हा एक हिवाळा ती वाचनात आणि तोंडी हिशोबात पक्की झाली तर काहीही मागे पडत नाही. पडलंच कुठे, तर उन्हाळ्यातल्या सकाळी मोकळ्या आहेत.

सुरुवात सगळ्याची एकदम करू नका. पहिला आठवडा फक्त वह्या साडेसातवरून अकराला न्या आणि सकाळी ओट्याजवळ दोन पाट टाका. दुसऱ्या आठवड्यात ऊन. पर्वचा तिसऱ्यात, सासूबाईंना विचारून. काठी मात्र या रविवारीच उभी करा, कारण २२ डिसेंबर एकदाच येतो.

आणि हा क्रम वर्षभर ओढू नका. महाशिवरात्रीनंतर गच्चीवर साडेनऊलाच चटका बसायला लागतो, मुलं आपणहून लवकर उठतात. होळी झाली की वह्या परत सकाळी सातला घ्या आणि ऊन टाळून झाडाखाली बसायची जागा शोधायला लागा.